जुन्या स्पोर्ट्‌स कारवाल्यांना नवी परफॉर्मन्स सेडान मुकी का वाटते?

प्रश्न थोडक्यात असा: घरी साठच्या दशकातली एमजीबी (दोन दारांची छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे, ती रविवारी सकाळी निघते. रोज वांद्र्याहून फोर्टला आणि महिन्यातून एकदोनदा पुण्याला जाण्यासाठी एखादी दमदार, आलिशान सेडान घ्यायची आहे. पण जुन्या स्पोर्ट्‌स कार बाळगणारी मंडळी एकमुखाने सांगतात, "या नव्या गाड्या नुसत्या पळतात, बोलत नाहीत." हे कितपत खरं, आणि तरीही घ्यायची तर काय बघून घ्यायची?

तक्रार खरी आहे. तिचं खापर मात्र बहुतेक जण इलेक्ट्रॉनिक्सवर फोडतात, आणि ते अर्धंच बरोबर आहे. मुख्य कारण टायरची पकड. गाडी कोणत्या वेगाला जागी होते हे पकड ठरवते, आणि मुंबईत राहणाऱ्यासाठी यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा नाही.

गणित करून बघा. ३० मीटर त्रिज्येचं एक वळण धरा. मलबार हिलच्या चढउतारावर साधारण अशी वळणं भेटतात. एमजीबीच्या १६५ मिलिमीटर रुंदीच्या, उंच बाजूच्या टायरवर गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याइतका आडवा जोर आला की गाडी बोलायला लागते. टायरची बाजू वळते, बॉडी कलते, स्टेअरिंग जड होतं. या वळणावर तेवढा जोर ताशी ४४ किलोमीटरला येतो. आता त्याच वळणावर आजची बीएमडब्ल्यू एम-फाइव्ह आणा. तिचे पुढचे टायर २८५ मिलिमीटर रुंद, मागचे २९५. ०.९ जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊ-दशांश जोराच्या, आसपास जाईपर्यंत त्या टायरना काही सांगण्यासारखं नसतंच, आणि तिथे पोचायला त्या वळणावर ताशी ५८-५९ लागतात. दोन्ही बाजूंना उभ्या गाड्या आणि समोरून बेस्टची बस असताना त्या वळणावर ५८चा वेग शहाण्या माणसाने घेऊ नये. म्हणजे मुंबईच्या रस्त्यावर नव्या गाडीचं बोलणं जिथे सुरू होतं तिथे तुम्ही कधी पोचतच नाही.

सरळ रस्त्यावरही हेच. एमजीबीचं १,७९८ सीसीचं इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये साडेपाच हजार आरपीएमला ताशी सत्तरच्या आसपास नेतं. तीस ते सत्तर हा प्रवास पाच-सहा सेकंद चालतो, आणि तेवढा वेळ इंजिनाचा चढता सूर, दोन्ही एसयू कार्बोरेटरचं हवा ओढणं, एक्झॉस्टचा बदलता आवाज, सगळं ऐकायला मिळतं. सी लिंकवर आणि कोस्टल रोडच्या सरळ भागात मर्यादा ८०ची. सव्वासातशे पीएसची (पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर) सेडान उभ्यापासून ८० गाठायला तीन सेकंद घेते. पायाला काही कळायच्या आत विषय संपतो. यात नव्या गाडीचा दोष नाही. ती जर्मनीतल्या वेगासाठी बांधली आहे.

हे मत सगळ्या जुन्या गाडीवाल्यांचं सारखंही नसतं. एमजी आणि ट्रायम्फवाले वजनावर बोलतात. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या जुन्या पोर्शे ९११ वाले स्टेअरिंगवर आणि ब्रेक पेडलच्या घट्टपणावर अडून बसतात. जॅग्वार ई-टाइपवाले सर्वांत समजूतदार, कारण त्यांच्या गाडीत आरामाला कधी बंदी नव्हती. ई-टाइपमधलं एक्सके इंजिन १९५९ पासून मार्क टू या चार दारांच्या सेडानमध्येही येत होतं. ३.८ लिटरची मार्क टू म्हणजे त्या काळची परफॉर्मन्स सेडानच. त्यामुळे 'सेडान म्हणजे स्पोर्ट्‌स कारचा अपमान' हा सूर इतिहासाला धरून नाही. ई-टाइपवाल्यांची खरी तक्रार वेगळी असते: नव्या गाड्या खड्ड्यात आपटतात. आणि त्यांचं बरोबर आहे.

स्टेअरिंगबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथेच सर्वांत जास्त गैरसमज आहेत. तुमच्या एमजीबीत रॅक-अँड-पिनियन (स्टेअरिंगच्या टोकाचं छोटं चक्र दातेरी दांडा सरकवतं) आहे आणि मदतीला कोणतीही मोटर नाही. टायर वळणात तिरका चालतो तेव्हा तो स्वतःला सरळ करायला बघतो आणि तो जोर हाताला लागतो. पकड सुटायच्या जरा आधी हा जोर कमी होतो, स्टेअरिंग किंचित हलकं पडतं. जुन्या गाडीवाल्याचा हात नकळत हीच खूण शोधत असतो. नव्या गाडीत रॅकवर इलेक्ट्रिक मोटर असते. मोटरचं जडत्व, तिच्या गिअरचं घर्षण आणि सॉफ्टवेअरचं गाळणं यांत बारीक थरथर आधी मरते आणि ही हलकं पडण्याची खूणही पुसट होते. स्पोर्ट मोडने ती परत येत नाही. तो मोड फक्त मदत कमी करतो, म्हणजे स्टेअरिंग जड होतं, बोलकं होत नाही. म्हणून स्टेअरिंग कायम कम्फर्टवर ठेवा; खोटा जडपणा गेला की उरलीसुरली जाणीव थोडी बरी कळते.

'हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने मदत करणारं) स्टेअरिंग म्हणजे चांगलं, इलेक्ट्रिक म्हणजे वाईट' असंही सरसकट धरू नका. १९९८ ते २००३ मधल्या ई-३९ (बीएमडब्ल्यूच्या प्रत्येक पिढीला असा सांकेतिक क्रमांक असतो) एम-फाइव्हला रॅक नव्हतीच. व्ही-एट (व्हीच्या आकारात मांडलेले आठ सिलिंडर) बसवायला जागा हवी म्हणून तिला रिसर्क्युलेटिंग बॉल, म्हणजे स्क्रू आणि गोळ्यांच्या जुन्या पद्धतीचं, स्टेअरिंग होतं, आणि तरीही जुन्या गाडीवाल्यांनी मनापासून स्वीकारलेल्या मोजक्या सेडानपैकी ती आहे. ४.९ लिटरचं टर्बो नसलेलं इंजिन, ४०० पीएस, सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स. पायाची हालचाल आणि इंजिनाचं उत्तर यांत अंतर नव्हतं म्हणून स्टेअरिंगचं उणेपण माफ झालं.

वजनाकडे वळू. पहिल्या एम-फाइव्हचं, म्हणजे ई-२८चं, वजन १,४०० किलोच्या थोडं वर होतं आणि ताकद २८६ पीएस. आताच्या आधीची एफ-९० ही ६०० पीएसची, १,८५५ किलोची. आताची जी-९० प्लग-इन हायब्रिड आहे: ७२७ पीएस, १,००० न्यूटन मीटर आणि २,४३५ किलो. भागाकार करा. एफ-९०ला टनामागे ३२३ पीएस येतात, जी-९०ला २९९. ताकद वाढली आणि वजनाच्या मानाने गाडी मागे गेली. मर्सिडीजच्या एएमजी सी-६३ची वाटही तीच: व्ही-एटच्या जागी दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन, सोबत मागच्या अ‍ॅक्सलवर इलेक्ट्रिक मोटर, एकूण ६८० पीएस आणि वजन २,१०० किलोच्या वर. माझं स्पष्ट मत असं की जुन्या हलक्या गाडीची सवय असलेल्याने या जड हायब्रिडच्या वाटेला जाऊ नये. हे वजन ब्रेक लावताना, रिकाम्या चौकात वळताना आणि प्रत्येक पेव्हर ब्लॉकवर जाणवत राहतं.

आवाजाबद्दल फार लिहीत नाही. बऱ्याच गाड्यांत इंजिनाचा आवाज स्पीकरमधून वाढवून ऐकवतात. शक्य असेल तिथे तो बंद करून एकदा चालवा, म्हणजे खरं इंजिन काय बोलतं ते कळेल.

गिअरबॉक्समध्ये मात्र मुंबईसाठी निवड करायला हवी. ड्युएल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) बॉक्स वेगात गिअर सफाईने टाकतो, पण सायन ते कुर्ला अशा रखडत्या गर्दीत अर्ध्या क्लचवर घासत राहतो, तापतो आणि गचके देतो. टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणारा, आठ गिअरचा बॉक्स अशा सरपटण्यासाठीच बरा. एम-फाइव्हनेही एफ-१० या त्याआधीच्या पिढीतला ड्युएल क्लच सोडून एफ-९०त टॉर्क कन्व्हर्टर घेतला. जुन्या गाडीवाल्यांनी 'ऑटोमॅटिक' म्हणून नाक मुरडू नये. या शहरात आयुष्य त्याच बॉक्सला आहे.

आता टेस्ट ड्राइव्ह. शोरूमचा माणूस तुम्हाला मोकळ्या रस्त्यावर नेऊन जोरात ॲक्सिलरेटर दाबायला सांगेल. त्यातून काही कळत नाही, ती गाडी पळणार हे माहीतच आहे. उलट वीस ते चाळीसच्या वेगात अर्धा तास मागा. कम्फर्ट मोडमध्ये पेडलचा पहिला एक सेंटिमीटर अगदी हळू दाबा. गाडी क्षणभर थांबून मग झेपावली तर तो ताण रोज सोसावा लागेल. सुरळीत सरकली तर पेडलचं मॅपिंग (पायाला इंजिनाने किती उत्तर द्यायचं याचं सॉफ्टवेअर) चांगलं आहे. मग ताशी दहावरून अतिशय हलक्या पायाने पूर्ण थांबा, असं पाच वेळा करा. हायब्रिडमध्ये मोटरचं ब्रेकिंग संपून डिस्कचं सुरू होतं तो सांधा नेमका इथे उघडा पडतो. तिसरं, काँक्रीट रस्त्याच्या लांब सांध्यावरून तिरके जा. रुंद टायर सांध्याच्या रेषेमागे गाडी ओढत असेल तर स्टेअरिंग हाताला झटके देईल, आणि महापालिकेने रस्ते काँक्रीटचे केल्यापासून असे सांधे जागोजागी आहेत. चौथं, गाडी तुमच्या सोसायटीच्या रॅम्पवर नेल्याशिवाय पैसे देऊ नका. सरळ उतरताना पुढची ओठासारखी पट्टी घासत असेल तर तिरकी नेऊन बघा. तरीही घासत असेल तर रोज घासणार.

रॅम्पच्या पुढे अजून एक अडचण आहे, ती कोणी सांगत नाही: यांत्रिक पार्किंग. दोन मजली किंवा पझल पार्किंगच्या पॅलेटवर क्षमतेची पाटी असते, बहुतेक वेळा २,००० किंवा २,५०० किलोची. जी-९० एम-फाइव्ह रिकामीच २,४३५ किलो, लांबी ५,०९६ मिलिमीटर, रुंदी १,९७० आणि आरसे वेगळे. दोन हजारच्या पॅलेटवर ती चढवायची नाही, 'आजवर काही झालं नाही' असं वॉचमन म्हणाला तरी नाही. पाटीवरचं वजन, आतली रुंदी आणि चाकाच्या खाचेची रुंदी टेपने मोजून घ्या आणि गाडीच्या तांत्रिक तक्त्याशी ताडून पाहा. प्लग-इन घेणार असाल तर चार्जिंग पॉइंटसाठी सोसायटीची लेखी परवानगीही आधी हवी.

टायरकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण नव्या सेडानला थोडीफार वाचा द्यायचा स्वस्त उपाय तिथेच आहे. उदाहरण घ्या. मागचा टायर २५५/३५ आर-१९ (रुंदी मिलिमीटरमध्ये / बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, मग रिम इंचांत) असेल तर रबराची बाजू ८९ मिलिमीटर उंच. एक इंच लहान रिमवर २५५/४० आर-१८ घातला तर बाजू १०२ होते आणि टायरचा एकूण व्यास ६६१ तोच राहतो. म्हणजे स्पीडोमीटर बिघडत नाही, १३ मिलिमीटर रबर जास्त मिळतं, खड्ड्यात रिम वाचते आणि बाजू थोडी वळत असल्याने गाडी लवकर बोलते. अटी मात्र पाळाव्या लागतात. लहान रिम ब्रेक कॅलिपरला लागत नाही ना ते आधी बघायचं. साइज उत्पादकाने मान्य केलेल्या यादीतला असावा, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो) आणि स्पीड रेटिंग मूळपेक्षा कमी नको. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत पुढच्या-मागच्या टायरच्या घेरात फरक पडला तर ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीचा) क्लच सतत घसरतो आणि जळतो. म्हणून एकच टायर नवा टाकणं, दोन कंपन्यांचे मिसळणं हे प्रकार टाळा.

हवा दाराच्या खांबावरच्या तक्त्याप्रमाणे, सकाळी टायर थंड असताना भरा. पंपावरचा मुलगा चारीला सरसकट ३५ भरतो, तसं नको. कमी हवेवर खड्डा बसला की टायरची बाजू रिम आणि खड्ड्याची कड यांत चेपते, आतले धागे तुटतात आणि फुगा येतो. फुग्यावर उपाय नाही, टायर बदलायचाच. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरमध्ये, अलाइनमेंट आणि पुढच्या कंट्रोल आर्मचे बुश तपासून घ्या.

पावसात रुंद टायर अधिक धोकादायक असतो, हे जुन्या गाडीवाल्यांचं म्हणणं तंतोतंत खरं आहे. अरुंद टायर पाणी कापतो, रुंद टायर त्यावर तरंगू लागतो. कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी चालते, पण जूनपूर्वी तीनपेक्षा कमी राहिली असेल तर टायर बदला. ओल्या रस्त्यावर नवी गाडी जिंकते ती एबीएस, स्टॅबिलिटी कंट्रोल आणि दिव्यांमुळे. तुमच्या एमजीबीला पुढे डिस्क असल्या तरी मागे ड्रम आहेत, आणि ओला ड्रम पहिल्या दोनतीन दाबांना धरत नाही. पावसाळ्यात नवी सेडानच बाहेर काढावी यावर कुणाचं दुमत नसतं.

फक्त तिची तयारी मेमध्ये करायची. सनरूफच्या खाचेत चार कोपऱ्यांना पाणी जायच्या नळ्या असतात. दादरच्या हिंदू कॉलनीत किंवा पारशी कॉलनीत झाडाखाली गाडी उभी राहत असेल तर त्या पानाफुलांनी हमखास तुंबतात; मग पाणी छतातून कार्पेटखाली उतरतं, आणि सीटखाली किंवा डिकीत बसवलेली कंट्रोल युनिट भिजतात. प्रत्येक कोपऱ्यात शंभर मिलिलिटर पाणी हळू ओता आणि चाकाच्या कमानीमागून ठिबकतंय का बघा. तुंबलं असेल तर मऊ नायलॉनची जाड दोरी सरकवा. कंप्रेसरची हवा मारू नका, नळी आतल्या आत सांध्यातून निसटते. काचेखालच्या जाळीतला कचराही काढा. साचलेल्या पाण्यातून जाताना गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट करू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेली गाडी ढकलून बाहेर काढणं स्वस्त पडतं. विम्यात इंजिन प्रोटेक्टचं जादा कलम घेऊनच ठेवा.

दोन-तीन गाड्या असलेल्या घरात सेडान आठवडाभर उभी राहते आणि बॅटरी उतरते. एमजीबीत कट-ऑफ स्विच लावून भागतं. नव्या गाडीत एजीएम बॅटरी असते, तिला एजीएम मोड असलेला मेंटेनर जोडा, आणि बॅटरी बदलल्यावर अनेक गाड्यांत ती संगणकात नोंदवावी लागते. नोंद नसेल तर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशोबाने होतं आणि नवी लवकर मरते. देखभालीतला हा फरक जुन्या गाडीवाल्यांना सर्वांत जास्त खटकतो. तुमच्या जुन्या एमजीबीत इग्निशनच्या पॉइंटचं अंतर ०.०१५ इंच, प्लगचं ०.०२५, एसयूच्या डॅम्परमध्ये वीस नंबरचं तेल, एवढं फीलर गेज घेऊन घरी होतं. नव्या गाडीत स्कॅनरशिवाय सुरुवातच होत नाही.

मग घ्यायची कोणती? रांगेतलं सहा सिलिंडरचं इंजिन, टॉर्क कन्व्हर्टर, मोठी हायब्रिड बॅटरी नको, अठरा-एकोणीस इंचांपेक्षा मोठी चाकं नकोत. या वर्णनात बीएमडब्ल्यू एम-३४०आय नीट बसते. २०२१ पासून ती चेन्नईत जुळवली जाते, तीन लिटरचं इंजिन, ५०० न्यूटन मीटर, आणि ताकद आपल्या रस्त्यांना पुरून उरते. व्ही-एटचा मोह आवरा. आजच्या बहुतेक व्ही-एटमध्ये टर्बो दोन रांगांच्या मधल्या व्हीमध्ये बसवलेले असतात. हवा न लागता तासभर रखडलं की ती उष्णता वर कोंडते आणि आसपासचे होज, वायरिंग आणि व्हॉल्व्ह सील कडक होत जातात. घेतलीच, तर संगणक काहीही दाखवो, ऑइल आठ हजार किलोमीटर किंवा एक वर्ष यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदला.

सेटिंग एकदाच लावून बटणावर साठवा: स्टेअरिंग आणि सस्पेन्शन कम्फर्ट, गिअरबॉक्स मॅन्युअल, इंजिन मधल्या पायरीवर. एक्स्प्रेस-वेवर गाडी चालवताना हेच ठेवा. खंडाळ्याच्या घाटात गिअर स्वतः निवडला की इंजिनाशी तुटलेलं नातं थोडं जुळतं.

वापरलेली गाडी बघत असाल तर मुंबईत आधी पुराची शंका घ्या. चारही सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा आणि शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीची रेषा आहे का बघा. बाहेरचा भाग सगळे धुतात, आतला गुंडाळलेला विसरतात. सीटचे बोल्ट गंजलेत का, डिकीतल्या खोलगट भागात गाळ आहे का, सीटखालच्या कनेक्टरवर हिरवट थर आहे का ते पाहा. वरळी किंवा बँडस्टँडच्या खाऱ्या वाऱ्यात उभ्या राहिलेल्या गाडीत हा थर पूर न येताही चढतो, त्यामुळे एकाच खुणेवर निकाल देऊ नका. बेल्ट, बोल्ट आणि कनेक्टर तिन्ही मिळून बोलले तरच गाडी सोडून द्या.